डावऱ्या हातातली झिगझॅग कात्री

इचलकरंजीतल्या एका कापड व्यापाऱ्याच्या सॅम्पल रूममधल्या झिगझॅग, म्हणजे कापडाची कड दातेरी कापणाऱ्या, कात्र्या कुणी खराब केल्या, ते सांगायला मला बोलावलं होतं. दुरुस्तीचं नंतर बघू, असं मालक फोनवरच म्हणाले. शिलाई मशीन आणि कात्र्यांची दुरुस्ती हा माझा धंदा. कात्री उघडून बघितली की ती कशी वापरली गेलीय ते बरंचसं कळतं, आणि तेवढ्यापुरताच मी त्यांना हवा होतो. बायकांच्या पगारातून पैसे कापायचे, तर मिस्त्रीचा शब्द पाठीशी असलेला बरा.

सॅम्पल रूम बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग लावला, हे इथल्या शाळकरी पोराला माहीत असतं. पण माग विणतो ते कापड विकलं जातं कार्डावर. पॉपलीन, केंब्रिक, ड्रिल, प्रत्येक क्वालिटीचा आणि रंगाचा एकेक तुकडा झिगझॅग कात्रीनं कापायचा, पुठ्ठ्याच्या कार्डावर चिकटवायचा, खाली नंबर घालायचा. ही कार्डं घेऊन एजंट गावोगाव फिरतात. कापणाऱ्या बायका दिवसभर कापतात, चिकटवणाऱ्या दिवसभर चिकटवतात. मजुरी नगावर. कापण्याचा दर जास्त.

कडेला दात पाडतात ते शोभेसाठी, असं बऱ्याच जणांना वाटतं. सरळ कापलं तर कडेचा उभा धागा अख्खाच्या अख्खा मोकळा होतो आणि नुसत्या हाताळण्यानंही निघत जातो. एक गेला की त्याच्या शेजारचा. तिरकं कापलं की कडेला लांब धागा उरतच नाही, सगळे आखूड तुकडे, आणि ते विणीत धरलेले राहतात. घट्ट विणीच्या कापडाला हे लागू पडतं. विरविरीत विणीच्या कापडाला झिगझॅग मारून काही उपयोग नाही, त्याला इंटरलॉकच पाहिजे. पूर्वी दातेरी ठसा कापडावर ठेवून वर हातोडी मारत. १८९३ साली अमेरिकेत लुईस ऑस्टिन नावाच्या बाईंनी दातेरी कापणाऱ्या हत्याराचं पेटंट घेतलं आणि १९३१ साली सॅम्युएल ब्रिस्कमन यांनी कात्रीचं. आपल्याकडे सगळे तिला झिगझॅगच म्हणतात.

टेबलावर नऊ कात्र्या मांडून ठेवल्या होत्या. प्रत्येकीला चिठ्ठी, चिठ्ठीवर वापरणाऱ्या बाईचं नाव. सुपरवायझर बाजूला वही घेऊन उभा. बायका आपापल्या जागेवर मान खाली घालून काम करत होत्या, पण कात्र्यांचा आवाज थांबला होता.

पहिल्या काही कात्र्यांचं उत्तर सोपं होतं. खाचांमध्ये पिवळट, कडक थर. सायझिंगमध्ये सुताला खळ चढवतात, नाहीतर मागावर धागा टिकत नाही. ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेल्या, न धुतलेल्या कापडाचे तुकडे कापताना ती खळ भुकटी होऊन दातांच्या खाचेत बसते, त्यात कार्डाचा डिंक मिसळतो, आणि दोन-तीन आठवड्यांत तिथं सिमेंट होतं. खाच भरली की समोरच्या पात्याचा दात तळापर्यंत जात नाही, पाती एकमेकांपासून उचललेली राहतात आणि कापड चावल्यासारखं होतं. सुपरवायझरनं या कात्र्या रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवल्या होत्या. जो तो हेच करतो. खळ म्हणजे स्टार्च, ती रॉकेलमध्ये विरघळत नाही. तिला कढत पाणी लागतं. पाण्यात जरा वेळ ठेवायची, दात घासायच्या जुन्या ब्रशानं एकेक खाच आडवी घासायची, आणि पाण्यातून काढल्या काढल्या पुसून उन्हात किंवा गरम इस्त्रीजवळ पूर्ण सुकवायची. सुकवण्यात कसूर झाली की संध्याकाळपर्यंत तांबूस गंज धरतो. मग स्क्रूपाशी मशीनच्या तेलाचा एक थेंब, दहा-बारा वेळा उघडझाप, आणि चिंधीवर कापून जादा तेल काढून टाकायचं, म्हणजे पुढच्या सॅम्पलवर डाग पडत नाही. हे काम आठवड्यातून एकदा करायला हवं आणि ते कामाच्या वेळेत धरायला हवं. नगावर मजुरी असताना कुठली बाई स्वतःचा अर्धा तास कात्री धुण्यात घालवेल?

दोन कात्र्या कोपऱ्यावरच्या धारवाल्याकडून आलेल्या होत्या. त्यांच्याकडे बघून मला फार वाईट वाटलं. झिगझॅग कात्रीची धार कुठं असते हे माहीत नसताना लोक ती चाकाला लावतात. पात्याच्या आतल्या अंगाला खाचा पाडलेल्या असतात. त्या खाचा जिथं कडेला येऊन संपतात, तिथं बाहेरच्या उताराशी मिळून धार तयार होते. घासायचा असतो तो फक्त बाहेरचा उतार, सपाट दगडावर, कारखान्यानं काढला त्याच कोनात, आणि दोन्ही पात्यांवर सारखाच. आतल्या खाचांना कानस लावली की दातांची जोडी बिघडली. या दोन्ही कात्र्यांच्या खाचांत कानशीचे ओरखडे होते, आणि एकीच्या टोकाला निळा डाग. एमरीच्या चाकावर ठिणग्या उडाल्या की गिऱ्हाईक खूश होतं, पण पातं निळं पडलं म्हणजे तिथलं पाणी उतरलं. त्या जागेची धार आता टिकणार नाही. पॉलिश पेपर कापला की धार येते हे आणखी एक खूळ. त्यानं फार तर वळलेली बारीक कड निघते, बोथट दात धारदार होत नाही.

आणखी दोन कात्र्यांचे दात गोटा झाले होते. ते पुठ्ठ्यानं. मी चिठ्ठीवरच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "हापिसातनंच निरोप आला हुता, कार्डाची कड बी दातेरी दिसू दे म्हणून." मी मालकांना तसंच सांगितलं. ते हो म्हणाले आणि पुढच्या कात्रीकडे वळले. पुठ्ठ्याच्या निरोपाची नोंद सुपरवायझरच्या वहीत झालेली मला दिसली नाही.

मग ती कात्री आली. सगळ्यांत नवी.

"ही बघा मिस्त्री," सुपरवायझर म्हणाला. "दिवाळीच्या आधी कोरी दिली होती. याच बाईनं मागचीही घालवली. हिच्याच हातात का बिघडते?"

अंगठ्याच्या कडीला चिंधी गुंडाळून दोऱ्यानं घट्ट शिवलेली होती. दात स्वच्छ. खाचा ब्रशानं घासलेल्या कळत होत्या. नवांतली हीच एक कात्री कुणीतरी रोज निगुतीनं पुसत होतं. तरीही पाती हातात डुलत होती.

झिगझॅग कात्रीत सगळा खेळ स्क्रूचा असतो. पातं स्क्रूभोवती फिरतं, म्हणजे प्रत्येक दात एका वर्तुळावरून चालतो, आणि समोरची खाच त्याच वर्तुळावर असावी लागते. साध्या कात्रीचा स्क्रू केसभर सैल झाला तर तुम्ही आवळून काम भागवता. इथं केसभर सरकलं की टाचेपासून टोकापर्यंतचे सगळे दात शेजारच्या भिंतीला घासतात. मी भिंग लावून बघितलं. प्रत्येक दाताच्या एकाच बाजूला चकाकी होती, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सारखी. कात्री पडली असती तर पातं जिथं वाकलं तिथून पुढंच चकाकी दिसली असती, टोकाकडे वाढत गेलेली. म्हणजे कात्री पडलेली नव्हती. स्क्रू काढला. नटाखालचा वायसर एका कडेला कागदासारखा पातळ झाला होता, दुसऱ्या कडेला जवळजवळ नवा. कुठलीतरी ताकद पाती रोज एकाच बाजूनं फाकवत होती.

"ही कोण वापरतं?"

कोपऱ्यातल्या मावशी उठल्या. पन्नाशीच्या असतील. मी वायसर तात्पुरता उलटा बसवून कात्री त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "मावशी, जरा कापून दाखवा. रोज कापता तसंच."

त्यांनी ती डाव्या हातात घेतली.

कात्री उजव्या हातासाठी केलेली असते म्हणजे काय, ते मला त्या टेबलापाशी जितकं स्पष्ट दिसलं तितकं आधी कधी दिसलं नव्हतं. मूठ आवळताना अंगठा नकळत बाहेर रेटतो आणि बोटं आत ओढतात. उजव्या हातात या रेट्यानं पाती एकमेकांवर दाबली जातात, म्हणून किंचित सैल कात्रीसुद्धा उजव्या हातात कापते. डाव्या हातात तोच रेटा पाती फाकवतो. दात खाचेतून वर येतात आणि कापड कापलं न जाता मधे दुमडतं. मावशींनी त्यावर स्वतःची तोड काढली होती. अंगठा उलटा आत दाबायचा आणि मनगट पिळून कापायचं. कडीची घडण उजव्या अंगठ्याच्या मापाची, तिची कड त्यांच्या अंगठ्याच्या सांध्यात रुतायची, तिथं जाड घट्टा पडला होता. चिंधी त्याच्यासाठी होती. इतकं करून त्यांचा तुकडा सरळ येत होता. शेवटच्या खाचेत पुढचा पहिला दात बरोबर बसवून त्या कापत होत्या, कुठंही दुहेरी दात नाही. नीट धडधाकट कात्री असून ज्यांना हे जमत नाही असे टेलर मला माहीत आहेत.

"ल्हानपणी आईनं लई मारलं," त्या म्हणाल्या. "जेवायचा हात बदलला. कात्रीचा न्हाई बदलला."

मालकांना मी जे सांगितलं ते आठवून लिहितो. कात्री पडलेली नाही. तिनं कागद, पुठ्ठा कापलेला नाही. खोलीतली सगळ्यांत चांगली राखलेली कात्री हीच आहे. बाई डावऱ्या आहेत, आणि उजवी कात्री डाव्या हातात चालवली की स्क्रू आणि वायसर झिजणारच. यात बाईंची चूक नाही, त्यांच्या पगारातून काही कापू नका.

"म्हणजे बिघडली त्यांच्याच हातानं ना?" मालकांनी विचारलं.

मी पुन्हा सगळं समजावलं. गोल फिरणाऱ्या पात्याचा कटर मिळतो, त्याला नागमोडी पातंही बसतं, तो दोन्ही हातांनी सारखाच चालतो, हेही सांगितलं. त्याची पाती बोथट झाली की बदलावी लागतात आणि खाली खास मॅट लागते, तेवढाच खर्च. मालक बघू म्हणाले. पगार कापणार नाही असा शब्द मात्र त्यांनी सगळ्यांसमोर दिला.

शब्द त्यांनी पाळला. कात्र्या परत द्यायला गेलो तेव्हा मावशी चिकटवण्याच्या टेबलावर बसलेल्या होत्या.

"तुम्ही खरंच सांगितलंसा," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "पर आता कात्रीला हात लावू देत न्हाईत. डाव्या हातानं कात्र्या जात्यात म्हंत्यात."

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. स्क्रू सैल झाला होता, बदलून दिला, एवढंच मी म्हणालो असतो तर तेही खरंच होतं आणि मावशी आज कापत असत्या. पण तो वायसरही काही महिन्यांत गेला असता, पुन्हा चिठ्ठी, पुन्हा वही, आणि त्या वेळी कदाचित दुसरा मिस्त्री, ज्यानं भिंग लावून बघितलंच नसतं. म्हणून मी सांगितलं ते सांगायलाच हवं होतं असं मला वाटतं. ज्या कारणानं एखाद्याचा दोष निघून जायला हवा तेच कारण त्याच्याविरुद्ध वापरलं जातं, याचा मला संताप येतो. पुठ्ठ्यावर कात्र्या घालवणारा निरोप देणाऱ्याचा दर कमी झाला नाही.

त्या कात्रीत मी आता जाड स्प्रिंग वायसर आणि दुहेरी नट घातलाय. डाव्या हातात ती पूर्वीपेक्षा बऱ्यापैकी जास्त टिकेल. कायमचा उपाय एकच, डावी कात्री, म्हणजे आरशात दिसते तशी पूर्ण उलटी. नुसती कडी बदलून भागत नाही, कुठलं पातं वर राहतं तेच बदलावं लागतं आणि दोन्ही पात्यांच्या खाचा नव्यानं पाडाव्या लागतात. परदेशी बनावटीची मिळते, पण तिची किंमत ऐकून मावशींनी कानाला हात लावले. मग मेरठला फोन केला. मेरठच्या कात्रीला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, भंगारातल्या चांगल्या पोलादापासून हातानं कात्री घडवणारे कारागीर तिथं अजून आहेत, आणि त्यांची कात्री मी उघडून पुन्हा बसवू शकतो, हा तिचा सगळ्यांत मोठा गुण. तिथल्या कारागिरानं माझं सगळं नीट ऐकून घेतलं. उलटी झिगझॅग करून देतो म्हणाला, पण एका डझनाच्या खाली त्याला परवडत नाही.

सध्या मी डावरी माणसं शोधतोय. इथल्या शिवणक्लासमध्ये, ब्लाउज शिवणाऱ्या बायकांमध्ये, पडद्यांच्या दुकानांत विचारतोय. निम्मा डझन झाला. आश्चर्य म्हणजे त्यातल्या बऱ्याच जणींनी कात्री मुद्दाम उजव्या हातात घ्यायला शिकून घेतलंय आणि मनगट दुखतं म्हणून औषध लावत बसतात. मालकांनाही मी सांगून ठेवलंय, डावी कात्री आली की ती मावशींच्या हातात देऊन एक दिवसाचं काम मोजा आणि मग दर ठरवा. त्यावर ते हो म्हणालेले नाहीत, नाहीही म्हणालेले नाहीत.

तुमच्या ओळखीत कापड कापणारं कुणी डावरं असेल तर त्यांना एवढं विचारा, कात्रीची कडी अंगठ्याला नेमकी कुठं लागते, सांध्यावर की त्याच्या खाली. कारागिरानं कडीचं माप मागितलंय, आणि ते एकट्या मावशींच्या हातावरून काढणं मला बरोबर वाटत नाही.