नुसती बॉडी नको

डोंबिवलीच्या सकाळच्या फास्ट लोकलमध्ये, त्यातही लेडीज डब्यात, फोनवर मोठ्याने बोलू नये. पण पलीकडच्या माणसाला ऐकूच येत नव्हतं. "अहो, नुसती बॉडी नको!" मी ओरडले. "आणि आज ताब्यात मिळेल ना? कॅश दिली तर काही कमी होतील का?" शेजारी मेथी निवडणाऱ्या बाईंचे हात थांबले. मी फोन ठेवल्यावर चौथ्या सीटवरच्या मावशींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून विचारलं, "घरातलं कोणी होतं का गं?"

ही २०११ सालची गोष्ट. दिवाळीचा बोनस अजून हातात पडायचा होता, पण तो कुठे जाणार हे तीन महिने आधीच ठरलं होतं. कोणत्या कंपनीच्या खोक्यात जाणार, एवढंच काय ते अडलं होतं. मावशींना मी समजावलं, की हा मोठा कॅमेरा सुटा सुटा विकतात. धड वेगळं, लेन्स वेगळी. त्या धडाला बॉडी म्हणतात, आणि बॉडीसोबत एक साधी लेन्स घेतली की त्याला किट म्हणतात.

"म्हणजे कुकर आणि झाकण," मावशी म्हणाल्या. "एका कंपनीचं दुसरीला बसत नसेल."

नाही बसत.

"मग घरात आधी कुठलं पडलंय ते बघ की!" एवढं सांगून त्या घाटकोपरला उतरून गेल्या. ऑफिसातल्या दोन तज्ज्ञांना तीन महिन्यांत जे सांगता आलं नव्हतं, ते मावशींनी ठाणे ते घाटकोपर एवढ्या अंतरात सांगितलं.

या खटाटोपाला कारण झाला डोंबिवलीचा फडके रोड. पाडव्याच्या स्वागतयात्रेत ढोलपथकापुढे ध्वज नाचवणारी एक मुलगी होती. माझ्याकडे तेव्हा खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा होता. मी बटण दाबायची, कॅमेरा जरा विचार करायचा, मग फोटो निघायचा. तोवर ध्वज खाली आलेला असायचा. चाळीस फोटो काढले आणि चाळीसही फोटोंत ती मुलगी दमून उभी! तो छोटा कॅमेरा लेन्स पुढेमागे करत, कुठे सर्वांत स्पष्ट दिसतंय ते चाचपडत शोधतो. मला घ्यायचा होता त्या मोठ्या कॅमेऱ्यात, म्हणजे एसएलआरमध्ये, लेन्समागे तिरका आरसा असतो. तो बराचसा प्रकाश वर आपल्या डोळ्याकडे पाठवतो आणि थोडा खाली, फोकस मोजणाऱ्या वेगळ्या सेन्सरकडे. लेन्स कुठल्या दिशेला आणि किती फिरवायची, हे त्या सेन्सरला लगेच कळतं. मग खट्‌ आवाज करून आरसा वर जातो आणि फोटो निघतो. ही माहिती मिळाल्यावर त्या खट्‌चीच मला ओढ लागली.

दुसरा फरक मुख्य सेन्सरचा, म्हणजे फिल्मच्या जागी बसून फोटो टिपणाऱ्या चकतीचा. माझ्या जुन्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण सहा मिलिमीटर बाय साडेचार, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढा. नवशिक्यांच्या एसएलआरचा सेन्सर तेवीस बाय पंधराच्या आसपास, एखाद्या छोट्या टपाल तिकिटाएवढा. क्षेत्रफळाने बारापट. संध्याकाळच्या उजेडात डाळीवर किती प्रकाश पडणार आणि तिकिटावर किती, एवढं मला गणित न करताही कळलं.

पण आमच्या ऑफिसात सेन्सरबद्दल कुणी बोलत नसे. वाद होता मेगापिक्सेलचा. कॅननच्या ११०० डीला १२.२ आणि निकॉनच्या डी ३१०० ला १४.२. दोन मेगापिक्सेल, म्हणजे वीस लाख ठिपके जास्त! एवढा फरक तर पगारवाढीतही नसतो. मी एका जेवणाच्या सुट्टीत कॅल्क्युलेटर घेऊन बसले. एकाचा फोटो ४२७२ ठिपके रुंद, दुसऱ्याचा ४६०८. रुंदीत आठ टक्क्यांचाही फरक नाही. आणि आमच्या अल्बममध्ये लावतात त्या सहा बाय चार इंची प्रिंटला, इंचाला तीनशे ठिपके धरले, तरी साडेएकवीस लाख पुरतात. बाकीचे एक कोटी कुठे ठेवायचे हा माझा प्रश्न दोन्ही तज्ज्ञांना आवडला नाही. मधेच कुणीतरी पेंटॅक्सच्या के-एक्सचं नाव काढलं. तो चार पेन्सिल सेलवर चालतो, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळातले काढूनही चालवता आला असता. दोन दिवस मी त्या कल्पनेवर भाळले होते.

मावशींच्या सल्ल्यानंतर मात्र मी घरात आधी काय पडलंय ते आठवलं. माझ्या नाही, मामाच्या घरात.

मामाने २००३ मध्ये निकॉनचा एफ ८० घेतला होता. फिल्मचा. आयुष्यभराची हौस, निवृत्ती दोन वर्षांवर आली होती, आणि त्याच वर्षी कॅननने ३०० डी आणला, हजार डॉलरच्या आतला पहिला डिजिटल एसएलआर. मामाला हे कळायला आणखी वर्ष गेलं, आणि कळल्यावर तो महिनाभर कुणाशी कॅमेऱ्याबद्दल बोलला नाही. त्याच्या छत्तीसच्या रोलमध्ये दोन लग्नं आणि एक मुंज बसत असे. फोटोसाठी आम्ही उभे राहिलो की आम्हीच ओरडायचो, "मामा, किती उरले?" तो कॅमेरा उलटा करून बघायचा आणि म्हणायचा, "तीन. हसा नीट."

त्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची, एफ १.८ ची छोटी लेन्स होती. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं उघडतं. निकॉनने लेन्स अडकवायची खोबण १९५९ पासून बदललेली नव्हती, हे मामाला पाठ होतं. "घेऊन जा," तो म्हणाला. "तुझ्या नव्या डब्याला बसेल." झालं, निकॉन ठरला. इतके तक्ते, इतके वाद, आणि ठरलं ते मामाच्या कपाटामुळे.

सीएसटीतून, म्हणजे आताच्या सीएसएमटीतून, बाहेर पडून बोरा बाजारात शिरलं की कॅमेऱ्यांची दुकानं लागतात. तिथे तेव्हा प्रत्येक वस्तूला दोन भाव सांगत. बिल आणि वॉरंटीसकट एक, आणि "वैसे" एक. मी बिलाचा घेतला. तो धाडसाचा अभाव होता, तत्त्व वगैरे नाही. दुकानदार मात्र सज्जन निघाला. त्याने आधी दोन्ही कंपन्यांचे कॅमेरे माझ्या हातात दिले आणि काही न बोलता चहा मागवला. हे मला कुठल्याच तक्त्यात सापडलं नव्हतं: दोन्ही कॅमेरे इतके छोटे, की तीन बोटं पकडीवर बसतात आणि करंगळी खाली लोंबकळते. कॅननवर ती माझ्या हाताला जरा जास्त अवघडत होती. निकॉनचा खट्‌ जरा दबका होता. मला चष्मा आहे. डोळा लावायच्या खिडकीशेजारी नंबर जुळवायची एक बारीक कळ असते, ती त्यानेच सरकवून दाखवली. धूसर अक्षरं एकदम कोरल्यासारखी झाली. नवशिक्यांच्या कॅमेऱ्यात किंमत वाचवायला भरीव काचेच्या लोलकाऐवजी आरसे बसवतात, म्हणून ती खिडकी बोगद्यातून बघितल्यासारखी लहान आणि अंधारी असते. पण आधी दुसरं काही बघितलेलं नसलं की बोगदाही आवडतो.

मग मी पर्समधून रुमालात गुंडाळलेली मामाची लेन्स काढली. दुकानदाराने ती उजेडात धरली, मागून पुढून पाहिली आणि तोंड वाईट केलं.

"बैठेगा," तो म्हणाला. "लेकिन चलेगा नहीं."

या जुन्या लेन्सच्या पोटात फोकस करणारी मोटर नसते. बॉडीतली मोटर एका बारीक स्क्रूने ती फिरवते. २००६ च्या डी ४० पासून निकॉनने स्वस्त बॉडीतून ती मोटरच काढून टाकली. खोबण तीच राहिली, फिरवणारा हात गेला. डी ९० मध्ये मोटर होती, पण त्याची किंमत ऐकून मी चहाच संपवला. कॅननवाला तज्ज्ञ हसत असल्याचा मला भास झाला. तरीही घेतला डी ३१००, किट लेन्ससकट. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. करंगळी, खट्‌ आणि मामा, असं काहीतरी.

रात्री घरी येऊन किट लेन्स बाजूला ठेवली आणि हट्टाने मामाची चढवली. टक्‌ करून बसली. कॅमेरा चालू केला, तर पडद्यावर इंग्रजी तीन अक्षरं लुकलुकायला लागली: एफ, ई, ई. फी! तीस हजारांच्या घरात जाऊन आले होते, आणि हा आणखी फी मागत होता. आई म्हणाली, "बघ, छुपे चार्जेस असतात." तासाभराने पुस्तिकेत उत्तर सापडलं. जुन्या लेन्सवर अ‍ॅपर्चरची एक कडी असते. ती नारिंगी २२ वर फिरवून बारीक कुलपाची कळ सरकवावी लागते; मग पुढचा कारभार कॅमेरा सांभाळतो. तसं केल्यावर फी माफ झाली.

फोकस मात्र हातानेच. कडी फिरवायची, आणि खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका स्थिर झाला की बटण दाबायचं. पहिले पंधरा दिवस ठिपका यायचा तेव्हा माणूस गेलेला असायचा, म्हणजे मी पुन्हा फडके रोडवरच. पण किट लेन्स त्याच ५० मिलिमीटरला एफ ५.६ पर्यंतच उघडते. मामाची तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेत असे. देवघरातल्या समईच्या उजेडात आईचा चेहरा तिने जसा टिपला, तसा किट लेन्सला काही केल्या टिपता आला नाही. मग ती हलकी, गुणी, काम करणारी किट लेन्स बॅगेतच राहू लागली. घरोघरी असं होतं. जो सगळं निमूट करतो, त्याला फोटोत कुणी घेत नाही.

काकूची तक्रार वेगळी होती. तिने दिवाळीला नवे पडदे केले होते आणि मुद्दाम त्यांच्यापुढे बसून फोटो काढून घेतला. एफ १.८ ला डोळ्यावर फोकस केला की कानही जरा मऊ होतो, मग पडदे कुठले राहणार. काकूने फोटो बघितला, बोटाने मोठा करायचा प्रयत्न केला, आणि म्हणाली, "मी छान आले आहे. पडद्यांचे पैसे मात्र वाया गेले."

सगळ्या कुटुंबाचा एकत्र फोटो हे तर विसरायचंच. नवशिक्यांच्या एसएलआरचा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, म्हणून त्यावर ५० ची लेन्स ७५ सारखी वागते, दृश्य आणखी जवळ ओढते. दहा फुटांवरून पाहिलं तर फार तर साडेचार फूट रुंदी मावते, म्हणजे दोन माणसं आणि तिसऱ्याचा एक खांदा. आमच्या हॉलची लांबीच दहा फूट. मी दाराबाहेर, मग जिन्यात, मग समोरच्यांच्या उंबऱ्यावर उभी राहून फोटो काढायची. समोरच्यांना ते आवडायला लागलं होतं.

पहिल्या पावसाळ्यात दुकानदाराने फोन करून आठवण केली, "मॅडम, फंगस." आपल्याकडच्या दमट हवेत लेन्सच्या काचेवर आतून बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि एकदा काचेचं पॉलिश खाल्लं की गेली. चामड्याच्या बॅगेत ठेवणं सगळ्यांत वाईट. आईने रव्याचा घट्ट झाकणाचा डबा रिकामा करून दिला. त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि त्यावर लेन्स. पुड्या ओलावून रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करायच्या. डब्यावर आईच्या अक्षरातली 'रवा' ही चिठ्ठी अजून आहे. बॉडी केव्हाच म्हातारी झाली, तिच्या पकडीचं रबर सुटलं. लेन्स मात्र डब्यात स्वच्छ राहिली.

भाचीने परवा तिचा पहिला कॅमेरा घेतला. तिला एसएलआर घ्यायचं सुचलंही नाही, आणि बरोबरच आहे. निकॉन आणि कॅनन दोघांचेही शेवटचे मोठे एसएलआर २०२० मध्ये आले आणि तिथेच ती पंगत उठली. तिचा निकॉनचाच झेड ५०, आरसाच नसलेला. खट्‌ही नाजूक. खोबणही नवी, २०१८ ची. पण जुन्या लेन्ससाठी मधे एक जोडकडी मिळते, ती तिने मागून आणली होती. मी 'रवा' डबा उघडला, लेन्सची कडी नारिंगी २२ वर नेऊन कळ सरकवली आणि मग तिच्या हातात दिली. टक्‌.

तिने बटण अर्धं दाबलं. पुन्हा दाबलं. "आत्या, ही काहीच करत नाहीये गं."

जोडकडीतही मोटर नाही. "बैठेगा," मी म्हटलं, "लेकिन चलेगा नहीं."

तिला संदर्भ माहीत नव्हता. तिने कडी फिरवायला सुरुवात केली. तिच्या पडद्यावर हिरवा ठिपका नव्हे, जिथे स्पष्ट आहे तिथल्या कडाच लाल होतात. खिडकीपाशी खुर्चीत मामा बसला होता. लाल रेघ आधी त्याच्या काठीवर आली, मग शर्टाच्या बटणांवर, मग चष्म्यावर चढून थांबली.

"आजोबा, हलू नका हां," ती म्हणाली.

मामाने मान ताठ केली आणि ओठ फारसे न हलवता विचारलं, "किती उरले?"