व्हायकाउंट ७०० (१/१४४): सांगाडा जुळला, खिडक्या चालू

१/१४४ मापातल्या प्लास्टिक मॉडेलच्या क्लासिक ब्रिटिश मालिकेत कोणतं विमान घ्यायचं याचा निकष आधीच ठरवून टाकला: आराखडा ब्रिटिश कंपनीचा हवा. इंजिनावरून ठरवायला गेलं की घोळ होतो. फॉकर एफ-२७ला रोल्स-रॉइस डार्ट आहेत, पण विमान डच. काराव्हेलचं तर नाकसुद्धा ब्रिटिश कॉमेट विमानाचं आणि इंजिनं रोल्स-रॉइस एव्हन, तरी ते फ्रेंचच. उलट कानपूरला बनलेलं ॲव्हरो ७४८ बिनधास्त आत. ब्रिटन-फ्रान्सने मिळून बनवलेल्या काँकॉर्डवर भांडत बसा.

व्हायकाउंटबद्दल मात्र वाद नाही. पहिलं उड्डाण जुलै १९४८. २९ जुलै १९५० रोजी नॉर्थोल्टहून पॅरिसला तिकीट काढलेले प्रवासी नेणारं हे पहिलं टर्बोप्रॉप (टर्बाइन इंजिनाने प्रोपेलर फिरवणारं विमान). मोठ्या अंडाकृती खिडक्या, सडपातळ नॅसेल (इंजिनांची आवरणं) आणि वर उचललेलं टेलप्लेन (शेपटीचे आडवे पंख), एवढं साधलं की कुठल्याही देशाच्या रंगात ते ओळखू येतं. म्हणून इंडियन एअरलाइन्सचं ७६८डी घेतलंय. ही विमानं १९५७पासून त्यांच्या सेवेत होती.

७६८डी म्हणजे ७०० मालिका. ८००चं किट स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. ते १.१७ मीटर, म्हणजे या मापात ८ मिमी लांब, पण तेवढं कापून भागत नाही. ७००ची दारं अंडाकृती, ८००ला पुढचं दार चौकोनी. किट उघडल्यावर पंखांचा विस्तार मोजा: १९८ मिमीच्या आसपास हवा.

मॉडेल शेपटीवर बसू नये म्हणून लागणारं नाकातलं वजन फ्यूजलाज (विमानाचं धड) बंद करण्याआधीच. सगळे भाग मास्किंग टेपने तात्पुरते जोडून मुख्य चाकांच्या रेषेखाली (चाकं आतल्या दोन नॅसेलमध्ये आहेत) गोल पेन्सिल ठेवायची आणि नाक खाली झुकेपर्यंत शिशाचे तुकडे वाढवायचे. नंतर रंग आणि डेकलची (चिकटवायच्या छापील चित्रांची) भर पडते, म्हणून त्यावर आणखी एक-दोन ग्रॅम. शिसं इपॉक्सीतच बसवा. फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात ते हळूहळू गंजून फुगतं आणि काही वर्षांनी नाकाचा जोड आतून उकलतो.

टेलप्लेनसाठी ड्रॉइंगच्या समोरच्या दृश्यावरून कार्डशीटचा साचा कापला. दोन्ही बाजूंना एकच साचा लावून गोंद रात्रभर सुकू द्यायचा. डोळ्यांच्या अंदाजाने बसवलं की एक बाजू हमखास खाली राहते, आणि मागून पाहिलं की सगळ्यात आधी तीच दिसते.

आता खिडक्या. खऱ्या खिडकीची उंची २६ इंच, रुंदी १९ इंच. म्हणजे इथे साधारण ४.६ बाय ३.४ मिमी. किटच्या खिडक्या बहुतेकदा गोलाकडे झुकतात, आणि तिथेच व्हायकाउंटपण जातं. त्यामुळे भोकं बुजवून डेकल लावायचं ठरलं. नेहमीची पुट्टी एकाच थरात भरली तर सुकताना आक्रसते आणि चकचकीत रंगाखाली प्रत्येक खिडकीचा खळगा दिसतो. त्याऐवजी मागून पातळ प्लास्टिक शीट चिकटवून वरून सुपरग्लू आणि टाल्कम पावडरचं मिश्रण भरलं. ते तासाभरात घासायला घ्या. दुसऱ्या दिवशीपर्यंत ते प्लास्टिकपेक्षा कडक होतं. मग घासताना आजूबाजूचं प्लास्टिक झिजतं आणि गाठ तशीच राहते. डेकल छापून घेण्याआधी कागदावर त्याच मापात छापून फ्यूजलाजवर टेपने लावून बघा, ओळ पंखाच्या मुळापाशी चुकते.

प्रायमर झाला की छपराचा पांढरा. पोटाच्या धातूरंगाखाली चकचकीत काळा लागतो, तो मुंबई-कोकणात भर पावसात मारू नये. लॅकरचा थिनर भरभर उडतो, पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि काळ्यावर दुधाळ साय धरते. त्यावरचा धातू राखाडी दिसणार. थांबता येत नसेल तर रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव्य) घातलेला थिनर आणि पातळ थर.

प्रोपेलर सगळ्यात शेवटी. चार पाती, व्यास २१ मिमी, आणि नॅसेलच्या पुढच्या तोंडाशी स्पिनर (प्रोपेलरच्या मध्यावरची टोपी) सपाट बसतो का ते रंगाआधी तपासायचं.