टरफलांचा भरवसा

आमच्या घरात महिना अठरा दिवसांचा असतो. एक तारखेला किराणा भरतो आणि अठराच्या आसपास फडताळाचा वरचा कप्पा वाजायला लागतो. तूरडाळ, तांदूळ, तेल सगळं जागच्या जागी असतं. संपतं ते चिवडा, टोस्ट, खारी, बिस्किटं, डाळे, शेंगदाणे. परवा महिन्यात दुसऱ्यांदा पिशवी घेऊन गेलो तेव्हा इंदिरानगरातल्या आमच्या वाण्याने यादी वाचली आणि अगदी आपुलकीने विचारलं, "घरात काही कार्य आहे का साहेब?"

कार्य कसलं! एक नववीत, एक चौथीत, इतकंच.

दोघं जेवत नाहीत अशातला भाग नाही. पोळीभाजी नीट जेवतात आणि हात धुऊन येता येता डब्याचं झाकण उघडतात. ही भूक नव्हे, हे चालता चालता होणारं खाणं. फ्रीजपर्यंत जायचं, उघडायचा, बघायचं, बंद करायचा, मग फडताळ. चिवड्याच्या डब्यावर तर संशोधन व्हावं. आईने केलेला, आपल्या नाशिकच्या पद्धतीचा, भरपूर तळलेला कांदा घातलेला चिवडा. डबा उचलावा तर भरलेला वाटतो. ताटलीत ओतला की कळतं की शेंगदाणे गेले, खोबऱ्याचे काप गेले, कांदाही गेला. उरलेत फक्त पिवळे पोहे आणि कढीपत्त्याची चार पानं. धाकटीचा हात डब्यात कोपरापर्यंत जातो आणि तळाशी बसलेला दाणा चिमटीत धरून वर येतो. सोनाराच्या हाताला जमणार नाही एवढी सफाई!

लपवून झालं. बिस्किटांचे पुडे बेसनाच्या डब्यामागे ठेवले, तर बेसन काढताना माझ्याच हाताला रिकामं वेष्टन लागलं. आई म्हणते, आमच्याकडे शिंकाळं होतं. तिच्या भावांनी स्टुलावर पाट ठेवून तेही गाठलं होतं, हे मात्र ती मामा घरी आला की मगच सांगते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला, पाकीटबंद फरसाणावरचा १२ वरून ५ वर. ऐन घटस्थापनेचा दिवस. मी मनातल्या मनात हिशेब मांडला, चार पैसे सुटतील. सुटले असतीलही. पण सरकारने दर कमी केला म्हणून डबा काही दोन दिवस उशिरा रिकामा झाला नाही. स्वस्त झालंय म्हणून मीच दोन पुडे जास्त आणले आणि तेही त्याच अठरा दिवसांत गेले.

उपाय सापडला तो गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात. (बाहेरच्यांसाठी सांगतो, नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) ओल्या शेंगांचे दिवस होते. मातीसकट दोन किलो घेतल्या, धुतल्या, मीठ घालून कुकरला लावल्या आणि परातीत ओतून मधोमध ठेवल्या. अर्ध्या तासाने बघतो तर परात निम्मीसुद्धा सरली नव्हती. एरवी पाव किलो शेंगदाणे एका क्रिकेटच्या षटकात फस्त करणारा माझा मुलगा एकेक शेंग दाबून, फोडून, आतलं खारं पाणी शोषून खात होता. धाकटी तीन दाण्यांची शेंग निघाली की ओरडत होती.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. जे सोलावं लागतं ते टिकतं. डोंगळ्यांच्या रांगेसारखं सगळं आयतं तोंडात जातंय म्हणून संपतंय. तेव्हापासून यादीत शेंगदाणे फक्त कुटासाठी, खायला शेंगा. उकडलेल्या फार टिकत नाहीत, दुसऱ्या दिवशी आंबूस लागतात. म्हणून वाळलेल्या आणतो आणि लोखंडी कढईत खडेमिठात भाजून ठेवतो. त्या-त्या दिवसांत कणीस, सीताफळ, हरभऱ्याचे डहाळे. डहाळ्यांची एक जुडी दोघांना संध्याकाळभर पुरते आणि आंबट झालेली बोटं चाटण्यात आणखी दहा मिनिटं जातात.

द्राक्षांपुढे मात्र हा सिद्धांत हात टेकतो. सोलायचं काही नाही, बी नाही, देठ तेवढा टाकायचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये मखमलाबादकडून येताना पेटी घ्यायची आणि घरी ती मोजून द्यायची, हे नाशिकमध्ये राहून शोभत नाही. त्या दोन महिन्यांत मी हिशेब ठेवतच नाही.

शेंगांचा आणखी एक फायदा म्हणजे पुरावा राहतो. चिवडा कोणी खाल्ला ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. टरफलं मात्र सोफ्याच्या फटीत, दप्तरात, भूगोलाच्या वहीत सापडतात. मुलाला शाळेत टिळकांची गोष्ट झालेली आहे, त्यामुळे उत्तर तयार असतं, "मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही." हे म्हणताना त्याच्या शर्टाच्या खिशावर लालसर साल चिकटलेली. बायकोचं म्हणणं, किराणा वाचला असेल, केरसुणी झिजली त्याचं काय?

परवा रात्री अकराला मॅच बघत बसलो होतो. सगळे झोपलेले. जरा काहीतरी तोंडात टाकावंसं वाटलं म्हणून हळूच डबा आणला, टीव्हीचा आवाज बंद केला आणि पहिली शेंग अंगठ्याखाली दाबली. टच्च! भाजलेली शेंग रात्री एवढी वाजते हे मला ठाऊक नव्हतं.

आतल्या खोलीतून झोपाळलेला आवाज आला, "बाबा, मलापण दोन."