‘होत नाही’ आणि ‘करत नाही’

ऑक्टोबर २०२४ मध्ये चीनमधील चिंगदाओ शहराच्या ह्वांगदाओ भागातल्या एका मध्यम दर्जाच्या हॉटेलात, रात्री पाऊण वाजता, मी चिनी भाषेत सात ओळींची एक तक्रार लिहिली. भाषा म्हणून ती मी लिहिलेल्या उत्तम मजकुरांपैकी होती, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. त्या सात ओळींतला एक शब्द मात्र चुकीचा होता, आणि तो चुकीचा आहे हे लिहितानाच मला ठाऊक होते.

मी चौदा वर्षांपासून दुभाषी म्हणून काम करते. कोल्हापूर, सांगली आणि इचलकरंजीचे कारखानदार यंत्रे पाहायला चीनला जातात तेव्हा मी त्यांच्याबरोबर असते. त्या वेळी शिरोली आणि गोकुळ शिरगाव या कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतींतले चार फाउंड्रीवाले, म्हणजे धातूचे ओतकाम करणारे कारखानदार होते आणि त्यांना मोल्डिंग लाइन (वाळूचे साचे बनवणारी यंत्रमालिका) व शॉट ब्लास्टिंगची (ओतीव भाग घासून साफ करणारी) यंत्रे पाहायची होती. भारत आणि चीन यांच्यातली थेट विमाने २०२० पासून बंद होती, म्हणून आम्ही मुंबईहून हाँगकाँगमार्गे गेलो. दुभाष्याचे अवघड काम कारखान्यात किंवा भाव ठरवताना असते, अशी बाहेरच्यांची समजूत असते. प्रत्यक्षात तिथे दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज असते आणि वाळू, साचा, टनामागचा खर्च ही भाषा सगळ्यांनाच कळते. माझी खरी परीक्षा होते ती हॉटेलच्या काउंटरवर, कारण तिथे समोरच्याला माझी काहीही गरज नसते आणि चूक झाली तर त्याची नोंद सरकारी संगणकात होते.

चीनमध्ये परदेशी पाहुणा हॉटेलात उतरला की त्याची माहिती स्थानिक पोलिसांकडे पाठवणे हॉटेलला बंधनकारक असते. १ जुलै २०१३ पासून लागू असलेल्या प्रवेश-निर्गमन कायद्यात ते स्पष्ट लिहिलेले आहे. चिनी नागरिकाचे ओळखपत्र यंत्रावर ठेवले की काही सेकंदांत काम होते. परदेशी माणसासाठी मात्र पासपोर्टचा क्रमांक, नाव, जन्मतारीख, व्हिसाचा प्रकार, क्रमांक व मुदत, देशात शिरल्याची तारीख आणि ठिकाण असे एकेक रकाने भरावे लागतात. शांघायच्या मोठ्या हॉटेलात हे काम करणाऱ्याचा हात बसलेला असतो, पण खोलीमागे २६० युआन, म्हणजे आपले तेव्हाचे सुमारे तीन हजार रुपये घेणाऱ्या, औद्योगिक वसाहतीजवळच्या हॉटेलात रात्रपाळीच्या मुलीला महिनोन् महिने परदेशी पासपोर्ट दिसत नाही. म्हणून मी विमानातच सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करते, व्हिसाच्या पानावर एक आणि प्रवेशाच्या शिक्क्याच्या पानावर दुसरी अशा कागदाच्या पट्ट्या घालते आणि वर चिनी लिपीत लिहिलेली यादी ठेवते. या पद्धतीमुळे पाच जणांची नोंदणी वीस मिनिटांत उरकते, आणि तिचा मला अभिमान आहे.

त्या रात्री ती पद्धत आबांच्या पासपोर्टापाशी अडली. चौघांपैकी एकाचा व्हिसा वेळेत आला नाही, म्हणून त्याचे एकाहत्तर वर्षांचे वडील, ज्यांच्याकडे आधीच्या दौऱ्याचा चालू व्हिसा होता, ऐन वेळी आमच्यात आले. सगळे त्यांना आबा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांच्या पासपोर्टावर ‘उपनाम’ ही ओळ कोरी होती आणि स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव ही तिन्ही ‘दिया गया नाम’ या ओळीत सलग छापलेली होती. आपल्याकडे असे पासपोर्ट पुष्कळ आहेत. अर्ज भरून देणारे एजंट घाईत असतात, अर्जदार समोर येईल तिथे सही करतो, आणि त्या कोऱ्या ओळीची किंमत पुढे कुठल्या तरी परक्या शहरात भरावी लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टावर एकच नाव असलेल्या प्रवाशांना व्हिजिट व्हिसावर प्रवेश नाकारायला सुरुवात केली, तेव्हा हा प्रश्न थोडा चर्चेत आला. मला तो माहीत होता आणि आबांचा पासपोर्ट हातात घेतल्यावर दिसायला हवा होता. मी व्हिसाचे पान पाहिले, शिक्क्याचे पान पाहिले, आणि नावाचे पान पाहिलेच नाही.

आम्ही पावणेबारा वाजता पोहोचलो. आम्हाला आणणारा ड्रायव्हर सामान उतरवून निघून गेला. यंत्रे विकणाऱ्या ज्या कंपनीने खोल्या राखल्या होत्या तिचा माणूस फोन उचलत नव्हता. विक्रेते जेवायला घालताना जितके तत्पर असतात तितके रात्री बारानंतर राहत नाहीत, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. काउंटरवर एकटी मुलगी होती, वय तेवीस-चोवीस असेल. चौघांची नोंद झाली. आबांचा पासपोर्ट तिने यंत्रावर ठेवला, तेव्हा पानाच्या तळाशी असलेल्या यंत्रवाचनाच्या ओळीतून त्यांचे संपूर्ण नाव ‘शिंग’ म्हणजे आडनावाच्या रकान्यात जाऊन बसले आणि ‘मिंग’ म्हणजे नावाचा रकाना रिकामा राहिला. छापील पानावर आडनाव कोरे आणि संगणकावर नाव कोरे! रकाना भरल्याशिवाय नोंद पुढे सरकत नव्हती, आणि मनाने काही भरावे तर ते पासपोर्टाशी जुळत नव्हते.

ती म्हणाली, “जिए, बान बू ल्याव.” ‘जिए’ म्हणजे ताई. ‘बान बू ल्याव’ याला मराठीत अगदी नेमका शब्द आहे, ‘होईना’. मी करत नाही असा त्याचा अर्थ नाही. करून पाहते आहे, पण काम पार पडत नाही, असा आहे. चिनी भाषेत हा फरक क्रियापदाच्या रचनेतच असतो आणि पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही तो शिकतो.

नोंद नाही म्हणून खोलीचे कार्ड नाही, आणि कार्डाशिवाय त्या हॉटेलात काहीच हलत नाही. लिफ्ट कार्ड लावल्यावरच चालते आणि दाराजवळच्या खाचेत कार्ड घातल्यावरच खोलीत वीज येते. आमच्यातल्या एकाने सुचवले की आबांना त्याच्या खोलीत झोपू द्यावे. तिने छताच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवले. त्या सूचनेत गैर काय आहे हे आमच्या मंडळींना कळेना. त्यांच्या दृष्टीने म्हातारा माणूस बाकावर बसून आहे आणि वर पलंग रिकामा आहे, एवढेच खरे होते. मी मात्र जाणत होते की नोंदणीत कसूर झाली तर त्या वेळच्या कायद्याने २०० ते ५०० युआनचा दंड त्या कर्मचाऱ्याला स्वतःला होऊ शकत होता. हे मी मंडळींना सांगितले नाही. मी थकले होते, माझ्या पद्धतीवर सगळ्यांसमोर पाणी पडले होते, आणि त्यातले एक जण “मॅडम, तुम्ही जरा जोरात बोला की,” असे दुसऱ्यांदा म्हणाले होते.

म्हणून मी फोन काढला आणि ज्या ॲपवरून खोल्या राखल्या होत्या त्यावर तक्रार लिहिली. त्याच वर्षी चीन सरकारने जाहीर केले होते की परदेशी पाहुण्यांना ठेवण्याची पात्रता नाही असे कारण देऊन हॉटेलांनी त्यांना परत पाठवू नये. मी त्याचा आधार घेतला, पाहुण्याचे वय आणि मधुमेह नमूद केला, आणि लिहिले की काउंटरवरील कर्मचाऱ्याने नोंदणी करण्यास ‘नकार दिला’. ‘होईना’ या शब्दाच्या जागी मी ‘नकार’ हा शब्द लिहिला. दुसऱ्या कुणाच्या भाषांतरात मला तो दिसला असता तर मी त्याखाली लाल रेघ ओढली असती.

तक्रारीचा परिणाम पाच मिनिटांत दिसला. काउंटरवरची मुलगी पोलीस ठाण्याला फोन लावत होती आणि तिकडे कोणी उचलत नव्हते. तेवढ्यात काउंटरवरचा दुसरा फोन वाजला. तिने तो घेतला, ऐकला, माझ्याकडे एकदा पाहिले आणि “हो, मॅनेजर” असे तीन-चार वेळा म्हणाली. पुन्हा तिने पोलीस ठाण्याचा क्रमांक फिरवला. आवाज तिने शेवटपर्यंत चढवला नाही.

एक वाजून गेल्यावर आबांना घाम फुटला आणि हात कापू लागले. त्यांनी विमानात अर्धवट जेवण करून इन्सुलिन पूर्ण घेतले होते. आमच्या पिशवीत भडंग होते, पण साखर उतरलेल्या माणसाला ते लगेच कामाला येत नाही. मी साखर मागण्याआधीच ती मागच्या खोलीतून साखर घातलेले गरम पाणी घेऊन आली, आणि त्यामागून तिच्या स्वतःच्या डब्यातला मांथोउ, म्हणजे वाफवलेला पाव. आबांनी पाणी घेतले, पाव खाल्ला, पंधरा-वीस मिनिटांनी ते सावरले. ते पेला परत करायला उठू लागले तेव्हा तिने त्यांना हाताने खाली बसवले. मग काउंटरमागे जाऊन तिने एक कार्ड तयार केले आणि माझ्यासमोर ठेवले. नोंद झालेली नव्हती. “आधी झोपू दे त्यांना, मी बघते,” एवढेच ती म्हणाली. कागदपत्रांची छायाचित्रे पाठवता यावीत म्हणून तिने मला वीचॅट या चिनी संदेश-ॲपवर जोडून घेतले.

अडीचच्या सुमारास पोलीस ठाण्यातून उत्तर मिळाले की यंत्राने वाचले आहे तसेच राहू द्यावे, दुसऱ्या रकान्यात तेच नाव पुन्हा लिहावे आणि सकाळी पासपोर्टाची प्रत ठाण्यात आणून द्यावी. तिने मला तसा संदेश पाठवला. सकाळी आठ वाजता पाळी संपल्यावर ती स्वतः प्रत घेऊन ठाण्यात गेली, हे मला दुसऱ्या मुलीकडून कळले. मी तेव्हा नाश्त्याच्या खोलीत तांदळाची पेज आणि उकडलेली अंडी यांतून आमच्या मंडळींना काय चालेल ते समजावून देत होते.

मी त्याच सकाळी तक्रार मागे घेतली. तक्रार मागे घेतल्याची नोंद झाली, पण तक्रार झाली होती ही नोंद राहिलीच. ही ॲप हॉटेलांना ज्या गुणांवर वर-खाली करतात ते गुण अशा नोंदींवर ठरतात आणि मॅनेजरचे अर्धे आयुष्य त्या गुणांवर अवलंबून असते, त्यामुळे माणसाने काय केले यापेक्षा पडद्यावर काय उमटले याचीच चौकशी होते. ही व्यवस्था मला अन्यायाची वाटते, आणि मी तिचा वापर पुरेपूर जाणून केला होता.

तीन दिवसांनी निघताना मी मॅनेजरला भेटले. तक्रारीची पडताळणी करताना त्यांनी दोन नोंदींच्या वेळा तपासल्या होत्या. कार्ड दिल्याची वेळ आधीची होती आणि नोंदणीची वेळ तासाभराने नंतरची. तिचा पगार २०० युआनने कापला गेला होता. मी सांगितले की माझी तक्रार चुकीची होती, तिने नकार दिलाच नव्हता. मॅनेजर सौजन्याने म्हणाले की तक्रारीचा विषय मिटला आहे, ही कपात नोंदणीपूर्वी कार्ड दिल्याबद्दल आहे. म्हणजे तिने नियम पाळला तेव्हा माझ्या शब्दाने ती दोषी ठरली, आणि तिने माणुसकीने नियम बाजूला ठेवला तो क्षण माझ्याच शब्दामुळे उजेडात आला. ॲपवर तिची प्रशंसा लिहावी असे मनात आले होते, पण तिने काय चांगले केले हे लिहायचे तर तिने कार्ड आधी दिले हेच जाहीरपणे लिहावे लागले असते.

आबांना मी हे सर्व गाडीत सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “पोरगीचे पैसे आपण द्यायला पाहिजेत.” बीजिंगला शिकत असताना उघडलेले बँक खाते माझ्या वीचॅटला अजून जोडलेले आहे. वीचॅटवर एका माणसाला एका ‘लाल पाकिटातून’, म्हणजे भेटीदाखल पैसे पाठवण्याच्या सोयीतून, जास्तीत जास्त २०० युआन पाठवता येतात. मी तेवढे पाठवले. ते स्वीकारले नाही तर चोवीस तासांनी पैसे परत येतात. दुसऱ्या दिवशी जिनान या पुढच्या शहरातल्या हॉटेलात, काउंटरवर पासपोर्टांची चळत पुढे करत असताना, ते परत आल्याची सूचना आली. पाकिटाबद्दल तिने एक शब्दही लिहिला नव्हता.

त्या रात्री मी तिला लांब संदेश लिहिला. तिने उच्चारलेला शब्द आणि मी लिहिलेला शब्द असे दोन्ही त्यात शेजारी शेजारी ठेवले, आणि शब्द बदलणारी मी होते हे स्पष्ट लिहिले. तो पाठवायला मला जिनानचे रेल्वे स्थानक येईपर्यंत धीर झाला नाही. समोरच्याने संदेश वाचला की नाही, हे वीचॅटवर दिसत नाही. भारतात वीचॅटवर जून २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे परतल्यापासून माझ्या फोनवर ते उघडलेले नाही. आबांनी आडनाव घालून नवा पासपोर्ट काढून घेतला आहे आणि एप्रिलमध्ये यंत्राच्या चाचणीला ते स्वतः येणार म्हणतात. खोल्या त्याच हॉटेलात घ्याव्यात असा त्यांचा आग्रह आहे. मी अजून त्यांना होकार दिलेला नाही.