जानेवारीपर्यंत त्याला अभय

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणानंतरचा शनिवार म्हणजे इथे पेनसिल्व्हेनियात बंदुकीने हरणं मारायच्या हंगामाचा पहिला दिवस. पुरतं उजाडायच्या आत बार ऐकू यायला लागतात. शिकाऱ्याच्या डोक्या-छाती-पाठीवर मिळून 250 चौरस इंच तरी भडक नारिंगी रंग हवा, असा नियमच आहे. मी शिकारी नाही, पण त्या दोन आठवड्यांत लेकीला नारिंगी जाकिटाशिवाय कचरा टाकायलाही पाठवत नाही.

आमच्या घरामागे थोडं रान आहे. शेजारचे काका, सत्तरीचे, दर वर्षी रीतसर विचारून तिथे हरणासाठी बसतात. या वेळी पहिल्याच सकाळी त्यांना नर मिळाला. त्यांनी तिथेच त्याचं पोट साफ केलं आणि हरीण ओढत घरी नेलं. आतडी-कोथळा रानातच ठेवायची पद्धत आहे. कावळे-कोल्हे दोन दिवसांत जागा स्वच्छ करतात.

रविवारी दिवस मावळताना मी भांडी घासत होते. खिडकीतून बघते तर त्या कोथळ्यावर ठिपक्यांचं काहीतरी वाकलेलं. माझा जन्म जुन्नर तालुक्यातला. मनात पहिला शब्द आला तो बछडा, आणि दुसरा, याची आई कुठे आहे? ऊसतोडीत वाघाटीची, म्हणजे छोट्या ठिपकेदार रानमांजराची, पिल्लं सापडली तरी आमच्याकडे आधी बिबट्याचीच ओरड होते. मग ते वळलं आणि शेपूट दिसली, जेमतेम वीतभर. कानांच्या टोकांना काळे केस, गालांवर कल्ले. बॉबकॅट, इथलं रानमांजर! घरच्या मांजराच्या दुप्पट म्हणा.

लेक अंगणात होती. तिला आत ओढली, काकांना फोन लावला आणि म्हणाले, बंदूक घेऊन या.

काका आले ते दुर्बीण घेऊन. खिडकीपाशी उभे राहून वीस मिनिटं बघत राहिले. मध्येच लेकीला उचलून तिच्याही डोळ्यांना दुर्बीण लावली. तो माणसाच्या वाटेला जात नाही, म्हणाले. मी विचारलं, "बंदूक कुठे आहे?" ते म्हणाले, "त्याचा हंगाम जानेवारीत. आज नाही."

या उत्तराने मला रात्रभर झोप लागली नाही. मागे कोणी वनरक्षक उभा नव्हता. जमीन माझी, बोलावणारी मी, अंतर फार तर साठ पावलं, आणि या कातड्याला पैसे येतात हे काकांना पक्कं माहीत. तरी तारीख नाही म्हणजे नाही. या राज्यात 1970 साली बॉबकॅटला संरक्षण मिळालं. तीस वर्षं त्याला कोणी हात लावायचा नव्हता. 2000 साली संख्या वाढल्यावर सोडत काढून मोजकेच परवाने दिले. आजही फरवाल्या जनावरांचा वेगळा परवाना लागतो, आणि वर्षाला एकच. बंदुका-काडतुसांवर केंद्राचा कर आहे, त्याचा पैसा 1937 च्या कायद्याने वन्यजीवांकडे जातो. हे सगळं काकांनीच सांगितलं, आपल्या घरचं सांगावं तशा अभिमानाने. मला आमच्या शिवारातले डुकरांसाठी लावलेले तारेचे फास आठवले. त्यात अडकलेला बिबट्या मी लहानपणी पाहिला आहे. कमरेत तार रुतलेली. फास कोणी लावला हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं, सांगितलं कोणीच नाही.

दादाला फोनवर हे सगळं कौतुकाने सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग जानेवारीत काय करणार?"

मला राग आला. कारण उत्तर माहीत होतं. जानेवारीत काका जखमी सशाचा आवाज काढून त्याला बोलावणार आणि मारणार. मांसासाठी नाही, कातड्यासाठी. आपल्याकडे वन्यजीव संरक्षणाचा 1972 चा कायदा आहे आणि त्यात आता हौसेच्या शिकारीला तारीखच नाही. ज्यांच्या शेळ्या गेल्या, ज्यांच्या घरातली माणसं गेली, तीही आमच्या भागात आधी वनखात्याला फोन करतात, पिंजरा मागतात. धरलेला बिबट्या माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात जातो. चिडतात, रस्ता अडवतात, पण बिबट्याच्या शेजारी राहतात. दहा किलोच्या मांजरासोबत राहायला एवढं धैर्यही लागत नाही.

हरणाचं मला पटतं. इथे हरणं उदंड आहेत, गाड्यांवर आदळतात, रानातली कोवळी रोपं संपवतात, आणि मारलेलं हरीण खाल्लं जातं. मीही खाते. काकांनी दिलेल्या मांसाला घरचा काळा मसाला लावला की मटणाची आठवण निघत नाही. यात मला चूक वाटत नाही. बॉबकॅटचं मात्र पटत नाही, आणि हा फरक मी मनापासून करते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात काका परवानगी विचारायला आले, नेहमीसारखे टोपी हातात घेऊन. मी म्हणाले, "हरणासाठी कधीही या. याच्यासाठी माझ्या रानात नको." त्यांनी कारण विचारलं नाही. "जमीन तुमची," एवढंच म्हणाले. ओढ्यापलीकडे सरकारी शिकारीचं रान सुरू होतं. ते तिकडे जातील, आणि बॉबकॅटला हद्द कळत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

फ्रीजरमध्ये हरणाची दोन पाकिटं उरली आहेत. रविवारी एक काढणार आहे. काकांना जेवायला बोलावलंय.