जॉय-कॉन बदलून मिळतो, स्टिक तीच राहते

हात बाजूला, स्टिकला बोटही लागलेलं नाही, आणि पडद्यावरचं पात्र सावकाश डावीकडे चालत सुटतं. इथे ब्रिटनमध्ये ज्या घरात निन्टेंडो स्विच हा गेम खेळायचा कन्सोल आहे, त्या घरातल्या पोरांनासुद्धा याचं नाव पाठ असतं: ड्रिफ्ट. जॉय-कॉन, म्हणजे स्विचचा अंगठ्याने फिरवायची स्टिक असलेला सुटा होणारा कंट्रोलर, दुरुस्तीला जातो, चांगला होऊन येतो, आणि काही महिन्यांनी पात्र पुन्हा चालायला लागतं.

हे मराठीत लिहायचं कारण सरळ आहे. निन्टेंडो भारतात अधिकृतपणे स्विच विकत नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईतले बरेच स्विच एकतर आयात करणाऱ्या दुकानदारांकडून आलेले असतात, नाहीतर दिवाळीला इथून येणाऱ्या काका-मावशीच्या बॅगेतून. यंत्र घरी पोचतं, पण त्याची वॉरंटी इथेच राहते.

बिघाड नेमका कुठे होतो ते आधी बघू. जॉय-कॉनच्या स्टिकखाली कार्बनचा थर दिलेल्या छोट्या पट्ट्या असतात. स्टिक हलली की धातूचे बारीक पाय त्या थरावर घासत पुढे-मागे सरकतात. पाय कुठे टेकलाय त्यावर विद्युतरोध ठरतो, आणि त्यावरून कन्सोलला स्टिकची दिशा कळते. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण काही वर्षांनी फिरवताना खरखरायचं, तोच हा प्रकार. थर झिजतो, झिजलेली पूड तिथेच साचते, आणि स्टिक मध्यावर उभी असतानाही ‘थोडी डावीकडे’ असा आकडा जातो. वापरणाऱ्याने ती जोरात दाबली म्हणून हे होतं असं नाही. नेमस्त वापरातही थर घासतच असतो, कारण स्टिकची रचनाच घासण्यावर चालते. ‘विच?’ या इथल्या ग्राहक संस्थेने 2022 मध्ये निकामी जॉय-कॉन उघडून तपासले, तेव्हा आतल्या पट्ट्या झिजलेल्या आणि धूळ-कचरा आत शिरलेला आढळला.

‘दुरुस्त’ होऊन आलेला जॉय-कॉन पुन्हा बिघडतो यात आश्चर्य नाही, कारण आत बसवलेली नवी स्टिकही त्याच जातीची, घासणारी असते. ज्या दिवशी पाकीट घरी येतं, त्या दिवसापासून झीज पुन्हा शून्यापासून सुरू. लोकांचा राग नेमका इथे आहे, आणि तो रास्त आहे. पालकांना वाटतं आपलंच पोर धसमुसळं, आणि ते पोराला बोलतात. पोराची यात काहीच चूक नसते.

स्विच बाजारात आला 3 मार्च 2017 ला. कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी जॉय-कॉनमुळे झालेल्या त्रासाबद्दल ग्राहकांची माफी मागितली ती जून 2020 मध्ये, भागधारकांच्या सभेत. जानेवारी 2021 मध्ये युरोपातल्या ग्राहक संस्थांच्या महासंघाने युरोपीय आयोगाकडे तक्रार नेली. अखेर 2023 मध्ये ठरलं की युरोपीय आर्थिक क्षेत्र, ब्रिटन आणि स्वित्झर्लंडमध्ये ड्रिफ्टची दुरुस्ती मोफत होईल, वॉरंटी संपली असली तरी, आणि वापराने झीज झाली असली तरी. ही सवलत मोठी आहे आणि ती जरूर वापरावी. मात्र ती फक्त या देशांतल्या दुरुस्ती केंद्रांपुरती आहे.

पाठवण्याआधी खरंच ड्रिफ्ट आहे का ते बघा. जॉय-कॉन कन्सोलला जोडून खेळा. जोडलेला असताना तो तारेसारखा थेट कन्सोलच्या कडेच्या रुळावरून बोलतो, वायरलेस नाही. जोडल्यावर त्रास गेला तर दोष स्टिकचा नसून सिग्नलचा आहे. (सुरुवातीच्या काही डाव्या जॉय-कॉनना हा वेगळाच आजार होता. कंपनी आत विद्युतवाहक फोमचा छोटा तुकडा बसवून तो बरा करत असे.) त्रास तसाच राहिला तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये कंट्रोलर्स अँड सेन्सर्स उघडा. आधी अपडेट कंट्रोलर्स, मग कॅलिब्रेट कंट्रोल स्टिक्स. स्टिक चारही बाजूंना फिरवून सोडून द्या आणि बिंदू मध्यावर येऊन थांबतो का ते बघा. सरकत राहिला किंवा थरथरत राहिला, तर त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. दुकानदाराशी किंवा केंद्राशी वाद झालाच, तर हा अर्ध्या मिनिटाचा पुरावा दहा ईमेलांचं काम करतो.

दुरुस्तीची नोंदणी वेबसाइटवर होते. पाठवताना मनगटाचे पट्टे, रबरी टोप्या, स्टिकर सगळं काढून घ्या. दुरुस्तीऐवजी दुसराच जॉय-कॉन हातात येऊ शकतो, म्हणून खास आवृत्तीचा रंग किंवा पोराने चिकटवलेलं काही असेल तर आधीच विचार करा. प्रत्येक वेळची तारीख, केस क्रमांक आणि परत आल्यानंतर किती दिवसांनी पुन्हा बिघडला, हे एका वहीत लिहीत जा.

ती वही का लागते, तर इथल्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यासाठी. या कायद्याखाली जबाबदारी विकणाऱ्या दुकानाची असते, उत्पादकाची नाही. दुकानातला माणूस हमखास ‘कंपनीला फोन करा’ म्हणतो, तेव्हा हे वाक्य शांतपणे सांगायचं. पहिल्या 30 दिवसांत सदोष वस्तू परत करून पूर्ण पैसे मागता येतात. पहिल्या सहा महिन्यांत निघालेला दोष मुळातच होता असं धरलं जातं, तसं नसेल तर ते दुकानाने सिद्ध करायचं. त्यानंतर सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो, तरी इंग्लंड-वेल्समध्ये दावा सहा वर्षांपर्यंत आणि स्कॉटलंडमध्ये पाच वर्षांपर्यंत करता येतो. सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे दुकानाला दुरुस्तीची किंवा बदलीची एक संधी मिळते. तीही वाया गेली, तर वस्तू परत करण्याचा किंवा किंमत कमी करून घेण्याचा हक्क तुमचा. म्हणून पहिला बिघाड वर्षाच्या आत आला, तर परस्पर कंपनीकडे पाठवण्याआधी दुकानाला लेखी कळवणं शहाणपणाचं. नाहीतर ती ‘एक संधी’ मोजलीच गेली नाही असं दुकान म्हणू शकतं.

स्विच लाइट ही छोटी आवृत्ती घेताना मात्र दोनदा विचार करा. त्याच्या स्टिक कन्सोलमध्येच बसवलेल्या आहेत. ड्रिफ्ट आला की अख्खं यंत्र पाकिटात जातं, आणि घरात खेळायला काहीच उरत नाही. जतन केलेला खेळ आधी क्लाउडवर गेला आहे का ते तपासा, कारण सगळेच खेळ तिथे जतन होत नाहीत.

आता भारतातल्या घरच्यांसाठी. तिथे मोफत केंद्र नाही, तर घासणारी स्टिक पुन्हा बसवण्यात काही अर्थ नाही. हॉल इफेक्टची स्टिक बसवा. तिच्यात चुंबक आणि सेन्सर असतो, एकमेकांना न शिवता. स्पर्शच नाही, तर घासायला काही उरत नाही. स्टिक परत मध्यावर आणणारी स्प्रिंग थकू शकते, पण कार्बनची झीज संपली. त्या सुट्या भागात बॅटरी नसल्याने तो मागवणं किंवा कुणाबरोबर आणणं सोपं जातं.

लागतं काय: वाय आकाराच्या खाचेचा वाय-00 स्क्रूड्रायव्हर, फुलीच्या टोकाचा फिलिप्स 00, चिमटा आणि गिटारच्या पिकसारखा प्लास्टिकचा पातळ तुकडा. मागचे चार स्क्रू वाय आकाराचे असतात. साध्या स्क्रूड्रायव्हरने जोर केला की खाच गुळगुळीत होते आणि मग काहीच चालत नाही. झाकण पुस्तकासारखं हळूच उघडा, ओढू नका, आतून पातळ फीत-केबली दोन्ही बाजूंना जोडलेल्या आहेत. सर्वात आधी बॅटरीचा प्लग वर उचलून काढा, मग 525 मिलिअँपिअरची बॅटरी प्लास्टिकने अलगद सोडवा, धातूचं टोक तिला लावू नका. मधली प्लास्टिकची चौकट सोडवून बाजूला वळवली की स्टिक दिसते. तिच्या केबलची कुलपाची पट्टी नखाने वर उचला, केबल चिमट्याने सरकवा, दोन छोटे स्क्रू काढा, नवी बसवा. बहुतेक नुकसान या पट्टीशीच होतं: ती न उचलता केबल तशीच ओढली की सॉकेट बोर्डावरून उखडतं, आणि ते सोल्डर करायला माणूस शोधावा लागतो. बंद केल्यावर कॅलिब्रेशन केल्याशिवाय नवी स्टिकही वाकडीच चालेल. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कारागिराला अशा केबलींची सवय असते. हात थरथरत असेल तर त्याच्याकडे द्या.

स्टिकच्या रबराखाली आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडल्याने फरक पडतो, पण तो पूड निघाल्यामुळे. झिजलेला थर परत येत नाही. स्टिकच्या पाठीमागे साधारण एक मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा ठेवून पट्ट्यांवरचा दाब वाढवण्याची युक्ती मात्र बऱ्यापैकी टिकते, सुटा भाग येईपर्यंत करून बघण्यासारखी आहे. एकदा उघडलेला जॉय-कॉन मोफत दुरुस्तीला नाकारला जाऊ शकतो, एवढं लक्षात असू द्या.

5 जून 2025 ला आलेल्या स्विच 2 च्या जॉय-कॉनमध्येही हॉल इफेक्टच्या स्टिक नाहीत. म्हणून या वर्षी भाच्यासाठी इथून कन्सोल नेणार असाल, तर बिलाची प्रत तुमच्याजवळ ठेवा, तिथे नाही. चार्जर 100 ते 240 व्होल्टवर चालतो, फक्त इथली चौकोनी तीन पिन तिकडे बसत नाही, तिला अडॅप्टर लागेल. आणि बिघडलेला जॉय-कॉन इकडे परत आणायचा असेल तर पोस्टाने पाठवू नका. लिथियम बॅटरीमुळे पार्सल अडतं. येणाऱ्या माणसाच्या हातातल्या बॅगेत द्या, तपासणीला जाणाऱ्या बॅगेत नको.