एकाच नावाखाली दोन फरामर्झनामे

एका फारसी पोथीच्या पहिल्या पानावर मागाहून कुणीतरी ‘फरामर्झनामा’ लिहून ठेवलेलं, आणि ग्रंथालयाच्या यादीतही तेच चढलेलं. पंचाईत अशी की, इराणी वीरकथांमधला नायक रुस्तम, त्याचा मुलगा फरामर्झ याच्यावर फारसीत याच नावाची दोन वीरकाव्यं आहेत. एक सुमारे 1,600 बैतांचं (बैत म्हणजे दोन चरणांची जोडी), दुसरं पाच हजारांहून मोठं. मुंबईत 1906 साली शिळाछापावर निघालेल्या फरामर्झनाम्यातही वेगवेगळ्या कथा एकापुढे एक जोडल्या आहेत.

त्या दिवशी आधी पानं मोजली. चार रकाने, 25 ओळी. एक बैत दोन रकान्यांत बसतो, म्हणजे पानाच्या दोन्ही बाजू मिळून 100 बैत. लहान काव्य सोळा-सतरा पानांत आटोपायला हवं. पोथी त्याच्या चौपट जाड. मोठं म्हणावं, तर सुरुवातीला इराणच्या गादीवर कैकाऊस आणि त्याच्याकडे मदत मागणारा हिंदुस्थानचा राजा नौशाद! ही लहान काव्याची खूण. मोठ्यात फरामर्झला हिंदुस्थानात धाडतो तो कैकाऊसनंतरचा राजा कैखुस्रौ, आणि तोही पुढे सापडला. म्हणजे दोन्ही काव्यं एकाच बांधणीत.

दोन काव्यांमधला सांधा शोधायला लाल मथळ्यांचा उपयोग होईना. नक्कलकार काळ्या शाईनं बैत उतरवतो, मधल्या दोन रकान्यांत मथळ्यापुरती जागा सोडतो. ती नंतर भरली जाते, कधी दुसऱ्याच हातानं. बैताला मुतकारिब वृत्ताचा पहारा असतो. लघु-गुरु-गुरु, मनाच्या श्लोकांचं भुजंगप्रयातच, फक्त शेवटचा एक गुरु कमी. अक्षर गळलं की चाल लगेच अडखळते. मथळा गद्य, तो कुठंही खपतो. इथं युद्धाच्या मथळ्याखाली पत्र निघालं, आणि तिथून पुढचे सगळे मथळे एकेक जागा आधी पडलेले.

राजा बदलतो तिथं मथळ्याची जागा कोरीच होती. त्या पानाच्या तळाशी कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द होता आणि तो जुळला. म्हणजे जोड बांधणाऱ्यानं घातलेला नव्हे. नक्कलकारानंच सलग लिहिलंय.

नोंद ‘लघु’ आणि ‘बृहद्’ अशी वेगळी केली. संपादनात आम्ही घातलेले मथळे चौकटी कंसात, पोथीतले तळटीपेत, चुकीच्या जागेसकट. ते गाळणं मला अजिबात मान्य नाही. दुसऱ्या एखाद्या प्रतीत हीच मथळ्यांची घसरण याच बैतापासून सुरू झालेली दिसली, तर दोन्ही एकाच घराण्यातल्या असल्याचा तो भक्कम पुरावा ठरतो.